रोजच्या वापरासाठी टिकाऊ घडीचा चाकू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात घडीचा चाकू घ्यायचा म्हटले, तर बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातल्या पथारीपासून बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांपर्यंत आणि पुढे ऑनलाइन दुकानांपर्यंत इतके प्रकार समोर येतात की, पोलादांची आणि लॉकची नावे वाचता वाचता आपल्याला नेमके काय पाहायचे होते हेच बाजूला राहते. पुढील उत्तरे अशा वाचकासाठी आहेत, ज्याला एकच चाकू घ्यायचा आहे, तो रोज जवळ ठेवायचा आहे, इथल्या पावसाळ्यातून न्यायचा आहे आणि पुढची दहा-पंधरा वर्षे वापरायचा आहे.

रोज चाकू जवळ ठेवण्याइतकी कामे खरोखर असतात का?

असतात, आणि ती बहुतेक किरकोळ असतात. पार्सलची चिकटपट्टी, गोणीची सुतळी, खोक्यावरची प्लॅस्टिकची पट्टी, डब्यातला पेरू, गडावर नेलेली काकडी आणि कांदा, गॅलरीतल्या कुंडीतली वाळलेली फांदी, गणपतीच्या आराशीतला पुठ्ठा आणि दोरी ही त्याची खरी कामे आहेत. ही यादी डोळ्यांसमोर ठेवली, तर पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे आपोआप सोपी होतात, कारण यांतल्या एकाही कामाला लांब, जाड किंवा भयानक दिसणारे पाते लागत नाही.

पुण्यात असा चाकू जवळ बाळगणे कायद्याला धरून आहे का?

या प्रश्नाला दोन थर आहेत आणि बहुतेकांना त्यांतला पहिलाच माहीत असतो. शस्त्र अधिनियम १९५९ खालील शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत ज्या धारदार शस्त्रांचा समावेश आहे, त्यांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यांतून वगळलेली आहेत. तीन इंची पात्याचा घडीचा चाकू या मोजमापाच्या आसपासही येत नाही.

दुसरा थर स्थानिक आदेशांचा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ अन्वये पोलीस आयुक्त ठरावीक काळासाठी तलवारी, भाले, काठ्या, चाकू आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगण्यास मनाई करू शकतात. सण, निवडणुका, मोर्चे आणि आंदोलने यांच्या काळात असे आदेश पुण्यात नेहमीच निघतात. पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड ही २०१८ पासून दोन स्वतंत्र आयुक्तालये असल्यामुळे निगडीत राहून स्वारगेटला नोकरीला येणाऱ्या माणसाने दोन्हीकडच्या आदेशांकडे लक्ष ठेवले पाहिजे. आदेशात चाकू असा शब्द असेल, तर पात्याची लांबी किती हा प्रश्नच उरत नाही. त्या दिवसांत चाकू घरी ठेवावा. शंका असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. शहरात कोयत्याने झालेल्या हल्ल्यांनंतर धारदार वस्तूंकडे पोलिसांचे बारीक लक्ष असते आणि ते असणे रास्तही आहे.

शहर बदलले की नियम बदलतात हेही लक्षात ठेवावे. दिल्लीच्या अधिसूचनेत पात्याची ७.६२ सेंमी लांबी आणि १.७२ सेंमी रुंदी ही मर्यादा धरलेली आहे, त्यामुळे इथे निर्धोक वाटणारा चाकू तिथे अडचणीत आणू शकतो.

स्वसंरक्षणासाठी घ्यायचा असेल तर कोणता घ्यावा?

त्यासाठी चाकू घेऊच नये. झटापटीत चाकू हिसकावला जातो, घडीच्या चाकूचे पाते आपल्याच बोटांवर मिटते, आणि पुढे पोलिसांसमोर आपण काम करायला नव्हे तर इजा करायला तो जवळ ठेवला होता असा अर्थ निघतो. या पानावर पुढे जे काही लिहिले आहे, ते सगळे चाकूला हत्यारपेटीतले एक हत्यार मानून लिहिलेले आहे. याच कारणासाठी बटण दाबताच उघडणारे, रामपुरी धाटणीचे किंवा काळा रंग आणि दातेरी पाठ असलेले चाकू आम्ही सुचवत नाही. त्यांचा दिखाऊपणा कामाला काहीच हातभार लावत नाही, आणि खटक्याच्या चाकूत झिजण्याजोगी एक स्प्रिंग जास्त असते.

पाते किती लांब असावे?

सहा ते साडेआठ सेंमी. सहा सेंमीमध्ये पार्सल आणि फळे होतात, साडेआठमध्ये कलिंगडाची फोडही होते. त्यापुढे खिशात टोचणारा आणि समोरच्याला खुपणारा चाकू सुरू होतो.

'टिकाऊ' म्हणजे नेमके काय टिकायला हवे?

घडीच्या चाकूत सर्वांत आधी खराब होते ती पात्याच्या सांध्याची जागा. पाते सहसा मोडत नाही. मोडलेच तर डब्याचे झाकण उचकटताना किंवा स्क्रू फिरवताना मोडते. सांधा मात्र प्रत्येक उघडझापीला थोडा थोडा झिजतो, त्यात खिशातला बारीक कापूस आणि धूळ जाते, आणि एक दिवस पाते उघडल्यावर डावी-उजवीकडे लुटलुटू लागते. म्हणून चाकू निवडताना पोलादाच्या नावाआधी सांधा पाहावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सांधा दोन प्रकारे बांधतात. एकात कायमचा रिव्हेट ठोकलेला असतो आणि दुसऱ्यात स्क्रू असतो. चांगला ठोकलेला रिव्हेट वर्षानुवर्षे ढिला होत नाही, पण ढिला झालाच तर घरी काही करता येत नाही. स्क्रूचा सांधा घरच्या घरी आवळता येतो, उघडून साफ करता येतो, आणि म्हणून रोजच्या वापराला तो सोयीचा पडतो. मात्र स्क्रूचे डोके कोणत्या प्रकारचे आहे ते पाहून त्या मापाचा टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीच्या आकाराचा) पाना आधीच घेऊन ठेवावा. स्वस्त चाकूंत हे स्क्रू इतक्या मऊ धातूचे असतात की दुसऱ्याच वेळी डोके गोल होते.

स्क्रूच्या भोवती पात्याच्या दोन्ही बाजूंना वॉशर असतात. फॉस्फर ब्राँझचे वॉशर हळूहळू बसत जातात आणि नंतर फार काळ साथ देतात. बॉल बेअरिंगवर फिरणारे पाते दुकानात हात लावताच आवडते, पण सिंहगडाच्या पायवाटेवरची तांबडी माती त्या गोळ्यांमध्ये शिरली की तेच पाते करकरू लागते आणि सगळा सांधा उघडून धुवावा लागतो. जो चाकू बागेत, शेतावर आणि ट्रेकला जाणार आहे, त्याला ब्राँझचे वॉशर असावेत. तिसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे मुठीच्या आत दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या आहेत का. नुसत्या प्लॅस्टिकच्या मुठीत अडकवलेला सांधा उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत राहून सैल होतो.

लॉक असलेला घ्यावा की नसलेला?

लॉक नसलेल्या चाकूत पाठीमागची पट्टीसारखी स्प्रिंग पात्याला उघड्या आणि मिटलेल्या स्थितीत दाबून धरते. फळे, दोरी आणि पार्सल यांसाठी एवढे पुरते. त्यात भाग कमी असतात, घाण अडकायला जागा कमी असते, आणि पाहणाऱ्याला तो फळे कापायचा चाकूच वाटतो. टोकाने भोके पाडण्याचे किंवा जोर लावून लाकूड तासण्याचे काम असेल, तर मात्र पाते बोटांवर मिटण्याचा धोका खरा असतो आणि तिथे लॉक हवे.

लॉकमध्ये पाठीवर दाबून सोडवण्याचे लॉक सर्वांत जुन्या आणि भरवशाच्या प्रकारांपैकी आहे. अमेरिकेतल्या बक कंपनीच्या ११० या मॉडेलने १९६० च्या दशकात ते घरोघरी नेले. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी आडवी सरकून पात्याच्या मुळाला टेकते. हे लॉक तपासताना उघड्या चाकूकडे मुठीच्या फटीतून नीट पाहावे: नव्या चाकूत ती पट्टी पात्याच्या मुळाच्या रुंदीच्या साधारण पाव ते अर्ध्या भागावर टेकलेली दिसली पाहिजे. जेमतेम कडेला टेकत असेल तर ती धक्क्याने निसटू शकते, आणि नव्यातच पलीकडच्या बाजूला पोहोचलेली असेल तर झिजायला पुढे जागाच उरलेली नसते. ओपिनेल या फ्रेंच चाकूवरची फिरणारी कडी हा आणखी एक साधा प्रकार आहे. १९५५ मध्ये आलेली ही कडी बोटाने फिरवली की पाते जागच्या जागी राहते, आणि ती बिघडण्याजोगे तिच्यात फारसे काही नाही.

पोलाद कोणते चांगले?

पोलादातला कार्बन कडकपणा देतो आणि क्रोमियम गंज रोखतो, साधारण १०.५ टक्क्यांहून जास्त क्रोमियम असलेल्या पोलादाला स्टेनलेस म्हणतात. व्हॅनेडियम आणि मॉलिब्डेनम मिसळले की झीज कमी होते, पण धार लावणेही कठीण होते. कोणतेही पोलाद सगळ्याच बाबतींत सरस नसते. जे पोलाद धार फार काळ धरते, ते घरच्या दगडाला दाद देत नाही.

स्वीडिश १२सी२७ आणि १४सी२८एन ही दोन पोलादे रोजच्या वापराला आम्ही सर्वांत वर ठेवतो. दोहोंत सुमारे ०.६ टक्के कार्बन आणि १३ ते १४ टक्के क्रोमियम असते, आणि १४सी२८एनमध्ये थोडा नायट्रोजन घालून गंजरोधकपणा आणखी वाढवलेला आहे. त्यांचे कण बारीक असल्यामुळे पातळ धार तुकडे न पडता टिकते आणि साध्या दगडावर काही मिनिटांत परत येते. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या चाकूंचे पोलाद याहून थोडे मऊ असते. त्याची धार लवकर जाते, पण तितकीच लवकर लागते, आणि गंज जवळजवळ लागतच नाही. चिनी ८सीआर१३एमओव्ही स्वस्त चाकूंत भरपूर दिसते आणि नीट कडक केलेले असेल तर ते अजिबात वाईट नाही.

वरच्या किमतीत एस३०व्ही आणि एम३९० ही पावडरपासून बनवलेली पोलादे येतात. एम३९० मध्ये सुमारे २० टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. त्यातले व्हॅनेडियम कार्बाइडचे (व्हॅनेडियम आणि कार्बन यांच्या संयुगाचे) कण नेहमीच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षाही कठीण असतात, म्हणून त्याला हिऱ्याची पूड लावलेली पट्टी लागते. रोज पुठ्ठा कापणाऱ्या गोदामातल्या माणसाला या पोलादाचा फायदा आहे. महिन्यातून चार पार्सले उघडणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

डी-२ हे डायचे पोलाद ना? मग चाकूला कसे?

भोसरी किंवा चाकणच्या टूलरूममध्ये काम केलेल्यांचा हा प्रश्न हमखास असतो, आणि तो योग्य आहे. पत्रा कापणाऱ्या आणि दाबून घडवणाऱ्या प्रेस टूलच्या पंच आणि डायसाठी (साच्याच्या दोन भागांसाठी) वापरले जाणारे डी-२ हेच ते पोलाद. त्यात सुमारे १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असते, आणि ते धार उत्तम धरते. मात्र बारा टक्के आकडा पाहून त्याला स्टेनलेस समजू नये. एवढ्या कार्बनशी संयोग पावून क्रोमियमचा मोठा भाग कार्बाइडमध्ये अडकून पडतो आणि गंज रोखायला मोकळा राहत नाही. एसी ऑफिसात बसणाऱ्याला डी-२ चालेल. जुलैमध्ये राजगडावर जाणाऱ्याने ते टाळावे, किंवा दर संध्याकाळी पुसून तेल लावण्याची तयारी ठेवावी.

एचआरसीचा आकडा किती असावा?

एचआरसी म्हणजे पोलादाचा कडकपणा सांगणारे रॉकवेल सी माप. या मापनात हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने पोलादावर दाबतात आणि तो किती खोल रुतला त्यावरून आकडा काढतात. रोजच्या चाकूला ५६ ते ६० योग्य. पंचावन्नच्या खाली धार वाकते, एकसष्टच्या वर साध्या पोलादाच्या धारेचे कण उडण्याचा संभव वाढतो. पण हा आकडा पोलादाच्या नावापेक्षाही त्याला पाणी कसे दिले, म्हणजे तापवून आणि थंड करून कडक कसे केले, यावर अवलंबून असतो. एकच पोलाद दोन भट्ट्यांतून दोन वेगळे चाकू होऊन बाहेर पडते, आणि म्हणून खोक्यावर पोलादाचे भारदस्त नाव छापून कडकपणाबद्दल मौन पाळणाऱ्या अनोळखी मालापेक्षा साध्या पोलादाचा नावाजलेला चाकू घेणे केव्हाही शहाणपणाचे.

पाते कोणत्या आकाराचे आणि किती जाड असावे?

पाठ किंचित उतरत टोकाला मिळणारे साधे पाते घ्यावे. मेंढीच्या खुरासारखे बोथट टोक असलेले पाते पुठ्ठा आणि दोरीला फार सुरेख चालते, आणि टोक लागण्याची भीती नसल्यामुळे घरात मुले असतील तर तेच बरे. अर्धी साधी आणि अर्धी दातेरी धार घेऊ नये. दातेरी भागाला घरी धार लावता येत नाही.

जाडीबद्दल मात्र ठाम बोलायला हवे. जाड पाते म्हणजे मजबूत चाकू, ही समजूत सर्वांत जास्त नुकसान करते. पाठ दोन ते अडीच मिलिमीटर असली आणि पाते धारेकडे सलग निमुळते होत गेले, तर सफरचंद सरळ कापले जाते. चार मिलिमीटरच्या पात्याने तेच सफरचंद कापले की ते मध्यावरून तडकते, आणि पुठ्ठ्यात पाते अडकून बसते. पाते अडकले की आपण जोर लावतो, आणि जोर लावला की हात घसरतो. बहुतेक जखमा अशाच होतात. पातळ पाते अधिक सुरक्षित असते.

मूठ कशाची घ्यावी?

काचेचे धागे आणि रेझिन यांच्या थरांची जी-१० ही मूठ घामाने, पाण्याने किंवा तेलाने बिघडत नाही. कापडाच्या थरांची मायकार्टा ओल्या हातात अधिक पकडते. विजेच्या पॅनेलमधली हायलमची जाड पट्टी ज्यांनी हाताळली आहे, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. ॲल्युमिनियम हलके आणि चिवट असते. लाकूड हाताला सर्वांत सुखाचे, पण पावसाळ्यात ते फुगते. ओपिनेलची बीच लाकडाची मूठ जुलै-ऑगस्टमध्ये कधी कधी पात्याला इतकी आवळून धरते की नखाने ते उघडत नाही. अशा वेळी मुठीचे मागचे टोक टेबलावर हलकेच आपटले की पाते थोडे बाहेर येते आणि मग बोटांनी धरता येते. पावसाळ्याआधी सांध्याच्या खाचेत आणि मुठीला जवसाचे तेल मुरवले तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

क्लिप हवी का, असेही विचारले जाते. क्लिप लावून खिशाबाहेर डोकावणारा चाकू लोकलमध्ये, बँकेत आणि शाळेच्या दारात उगाच नजरेत भरतो. लहान कापडी पाकिटात घालून पिशवीत ठेवणे अधिक शोभते.

दुकानात चाकू हातात आल्यावर काय तपासावे?

पाते पूर्ण उघडून मूठ एका हातात घट्ट धरावी, पात्याची पाठ दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत पकडून डावीकडे-उजवीकडे आणि मग वर-खाली हलवून पाहावे. नव्या चाकूत काहीही हलता कामा नये. लॉक असेल तर बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पाठीवर अंगठ्याने हळूहळू दाब वाढवावा. चाकू मिटल्यावर वरून पाहिले, तर पाते दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये दिसले पाहिजे आणि टोक मुठीच्या आत पूर्ण बुडालेले असले पाहिजे. मिटलेल्या चाकूवरून बोट फिरवताना टोक जाणवले, तर तो चाकू परत ठेवावा. शेवटी खिडकीकडे किंवा दिव्याकडे धार समोर धरून पाहावी. चांगली धार डोळ्यांना दिसतच नाही. जिथे बारीक पांढरी चमक दिसते, तिथे ती बोथट आहे किंवा दबलेली आहे. दुकानदार हे सगळे करू देत नसेल तर दुसरे दुकान गाठावे.

नकली चाकू कसा ओळखावा?

लाल मुठीच्या स्विस चाकूची नक्कल सर्वांत जास्त होते. अस्सल चाकूत पात्याच्या मुळाशी कंपनीचे नाव स्वच्छ कोरलेले असते, प्रत्येक अवजार उघडताना आणि मिटताना खट्ट असा एकसारखा आवाज होतो, आणि मिटलेल्या अवजारांमधून उजेड आरपार दिसत नाही. नकलीमध्ये कात्री दोन-चार वापरांत चावायला लागते. रस्त्यावर दोन-तीनशे रुपयांना मिळणाऱ्या स्विस चाकूबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही. पक्के बिल घ्यावे, कारण साहित्य आणि बनावटीतल्या दोषांसाठी व्हिक्टोरिनॉक्सची हमी आजीवन असली तरी ती अस्सल मालालाच लागू आहे.

एखादे नाव सुचवाल का?

ज्याला पहिलाच चाकू घ्यायचा आहे, त्याला आम्ही व्हिक्टोरिनॉक्स पायोनियर सुचवतो: मिटल्यावर ९३ मिमी लांब, खडबडीत ॲल्युमिनियमची मूठ, लॉक नसलेले पाते, सोबत टोच्या आणि दोन ओपनर. स्विस सैन्याने जवळपास याच बांधणीचा चाकू १९६१ पासून २००८ पर्यंत वापरला. याहून लहान आणि सडपातळ हवा असेल तर त्याच घरातला ८४ मिमीचा कॅडेट आहे.

स्वयंपाकघर आणि ट्रेक या दोन्हीकडे चालणारा चाकू हवा असेल तर ओपिनेल क्रमांक ८ घ्यावा. १८९० पासून बनणाऱ्या या चाकूचे पाते ८.५ सेंमी लांब आणि अतिशय पातळ असते, आणि भाकरीसोबतचा कांदा त्याने जितका सुंदर कापला जातो तितका कितीतरी महागड्या चाकूंनी कापला जात नाही. पुण्याच्या हवेत त्याचा स्टेनलेस प्रकारच घ्यावा. कार्बन पोलादाचे पाते कैरी आणि लिंबू कापताच काळपट होते. तो डाग निरुपद्रवी असला, तरी त्याच्या जोडीने येणाऱ्या तांबड्या गंजाकडे रोज लक्ष द्यावे लागते.

धार घरी लावावी की धारवाल्याकडे द्यावी?

घरी. सायकलवर चाक फिरवून धार लावणारे कारागीर विळ्या आणि सुऱ्यांना चांगली धार लावतात, पण कोरड्या चाकावर पातळ पाते क्षणात तापते. पात्याची कड निळसर झाली म्हणजे तिथले पाणी उतरले, आणि तेवढा भाग झिजून जाईपर्यंत तिथे धार टिकत नाही.

घरी ४०० आणि १००० ग्रिट अशा दोन बाजूंचा पाण्याचा दगड पुरतो (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितकी बाजू बारीक). दगड दहा मिनिटे पाण्यात ठेवावा आणि ओल्या फडक्यावर ठेवून स्थिर करावा. कोन हा सगळ्यांना अवघड वाटणारा भाग आहे, पण तो मोजता येतो: पाते २० मिमी रुंद असेल आणि त्याची पाठ दगडापासून सुमारे ७ मिमी उचलली, तर दर बाजूला २० अंशांचा कोन होतो, आणि रोजच्या चाकूला तोच ठेवावा. एकाच बाजूने घासत राहिल्यावर दुसऱ्या बाजूला धातूची केसासारखी कड उलटते. कारखान्यात ज्याला बर म्हणतात तीच ही. अंगठा पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर जाईल असा आडवा फिरवला की ती खरखर लागते. मुळापासून टोकापर्यंत ती सलग जाणवल्याशिवाय बाजू बदलू नये; बहुतेकांची धार लागत नाही ती इथेच घाई केल्यामुळे. दोन्ही बाजू झाल्या की १००० च्या बाजूवर हलक्या हाताने तेच करावे, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाते पाठीकडे ओढत दहा-बारा वेळा फिरवावे. वर्तमानपत्राचा कागद न अडकता चिरला गेला की काम झाले.

तेल कोणते लावावे?

सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. ज्या पात्याने खायचे पदार्थ कापले जातात, त्यावर औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन पुसटसे लावावे. खोबरेल तेल सांध्यात घालू नये. ते चोवीस अंशांच्या आसपास गोठते, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी चाकू जड चालतो, आणि पुढे तेच तेल चिकट होऊन धूळ धरते. खंडेनवमीला हत्यारांसोबत चाकूचीही पूजा होत असेल, तर ओले हळदकुंकू रात्रभर पात्यावर राहू देऊ नये. पूजा झाली की पुसून, वाळवून तेल लावावे.

विमानतळ, मेट्रो, मॉल इथे काय करावे?

लोहगावहून विमानाने जाताना चाकू हातातल्या सामानात चालत नाही. चेक-इन बॅगेत ठेवावा. विसरून खिशात राहिला तर तपासणीच्या टेबलावर तो जातोच. मेट्रो, मॉल, न्यायालय, मोठी देवळे आणि सरकारी कचेऱ्या इथे जायचे असेल त्या दिवशी घरून निघतानाच तो ड्रॉवरमध्ये ठेवावा. सुरक्षारक्षकाशी वाद घालू नये.

मुलांना केव्हा द्यावा?

वयापेक्षा सवय पाहावी. जो मुलगा किंवा मुलगी शेजारी बसून शांतपणे एक पेन्सिल नीट तासू शकते, तिला मोठ्यांच्या देखत बोथट टोकाचा चाकू देता येतो. शाळेत मात्र तो कधीही जाता कामा नये.

चाकू केव्हा बदलावा?

लॉक दाब सहन करत नसेल, किंवा स्क्रू आवळूनही पाते हलत असेल, तर दुरुस्ती करून घ्यावी आणि ती होत नसेल तर तो वापरातून काढावा. पाते झिजून अरुंद झाले, एवढ्या कारणाने बदलू नये. मात्र धार लावून लावून पाते इतके उतरले असेल की मिटल्यावर टोक मुठीबाहेर राहू लागले, तर टोकाकडची पाठ दगडावर थोडी घासून ते पुन्हा आत बसवता येते, आणि चाकू आणखी काही वर्षे चालतो.